दोन उन्हाळ्यांचं सरपण

न्यू इंग्लंडमधल्या जुन्या घरांत फायरप्लेसइतकी देखणी आणि तितकीच उधळी जागा दुसरी नसेल. बॉस्टनच्या पश्चिमेला, वूस्टरला लागून असलेल्या श्रूजबरीत आम्ही घर घेतलं, ते १९५०च्या दशकात बांधलेलं. बैठकीच्या खोलीत लाल विटांची फायरप्लेस, तिच्यावर जाड लाकडी फळी. घर दाखवणाऱ्या बाईंनी आम्हाला सगळ्यात जास्त वेळ तिच्यासमोरच उभं केलं होतं. पहिल्या हिवाळ्यात आम्ही ती हौसेने पेटवली. समोर बसलं की नडग्या भाजत आणि पाठ गारठे. मागच्या खोलीत झोपलेल्या मुलीला मात्र त्याच रात्री जास्तीचं पांघरूण लागे.

उघड्या फायरप्लेसमध्ये लाकडाच्या उष्णतेपैकी जेमतेम दहावा हिस्सा खोलीत येतो. बाकीची सरळ धुराड्यातून वर जाते. शिवाय आगीला लागणारी हवा खोलीतलीच. मिनिटाला शेकडो घनफूट ऊबदार हवा वर खेचली जाते आणि तिची जागा भरायला दारं-खिडक्यांच्या फटींतून बाहेरची बर्फगार हवा आत शिरते. आमच्या तळघरात तेलावर चालणारा बॉयलर आहे. म्हणजे तेल जाळून तापवलेली हवा आम्ही लाकडं जाळून घराबाहेर घालवत होतो.

या उधळपट्टीचा नीट अभ्यास करणारा माणूस आमच्या घरापासून गाडीने तासाभरावर, वूबर्न गावात जन्मला होता. बेंजामिन थॉम्पसन, म्हणजेच पुढचा काउंट रम्फर्ड. जन्म १७५३चा. तोफा कोरताना निघणाऱ्या उष्णतेवरून ‘उष्णता हा पदार्थ नव्हे, गतीचंच रूप आहे’ असं मांडणारा रम्फर्ड इंजिनिअरिंगच्या पुस्तकात मला भेटला होता. त्याने १७९६ साली फायरप्लेसवर निबंध लिहिलाय, हे इथे आल्यावर समजलं. पेटी उथळ करा, बाजूच्या भिंती तिरक्या करा म्हणजे उष्णता खोलीकडे फेकली जाईल, आणि धुराड्याचा घसा अरुंद करा, असं त्याचं सांगणं. आमच्या घराच्या गवंड्याने मात्र रम्फर्ड वाचलेला नसावा. आमची पेटी खोल, भिंती जवळजवळ सरळ आणि घसा चांगला ऐसपैस.

२०२२मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि हीटिंग ऑइल गॅलनला पाच डॉलरच्या वर गेलं. १९७३च्या तेलसंकटातही न्यू इंग्लंडमधली माणसं अशीच लाकडाकडे वळली होती. आम्ही इन्सर्ट बसवायचं ठरवलं. इन्सर्ट म्हणजे फायरप्लेसच्या पोकळीत बसणारी बंद शेगडी. अंग पोलादी किंवा ओतीव लोखंडाचं, आतून भट्टीच्या विटांचं अस्तर, पुढे उष्णता सोसणाऱ्या काचेचं दार आणि हवा कमी-जास्त करायला एक दांडी. शेगडीभोवती दुसरं कवच असतं. एक छोटा पंखा त्या दोन्हींमधून हवा फिरवतो आणि तापलेली हवा खोलीत सोडतो. लाकडाची सत्तर टक्क्यांच्या आसपास उष्णता घरात राहते.

मी कॅटलॉग चाळून, आकडे लिहून, तीन मॉडेलं निवडून तयार होते. धुराडी साफ करणारे गृहस्थ आले ते त्या कागदाकडे न बघता बॅटरी घेऊन पोकळीत शिरले. साठीच्या पुढचे, वडिलांपासून हाच धंदा. “शेगडी कुठलीही घ्या,” ते आतूनच म्हणाले, “ओढ धुराड्याला असते.” मग त्यांनी गच्च काळवंडलेल्या नळीत कॅमेरा सोडला आणि पडद्यावर मला चिकणमातीच्या कौलांना गेलेले तडे दाखवले. त्या तड्यांतून ठिणगी किंवा विषारी वायू घराच्या लाकडी सांगाड्यापर्यंत पोचू शकतो. अशा धुराड्याखाली शेगडी नुसती सरकवून ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ.

दुसरी अडचण मापाची. जुनी नळी उघड्या फायरप्लेसच्या भरपूर धुरासाठी बांधलेली, तर इन्सर्टला सहा इंच व्यासाची पुरते. जुन्या नळीचं पोट त्याच्या दुपटीहून मोठं. एवढ्या पोकळीत थोडासा धूर सोडला तर तो रेंगाळतो, थंड होतो आणि भिंतींवर डांबरासारखा थर धरतो. त्याला क्रिओसोट म्हणतात. हा थर पेटला की धुराड्यातच आग लागते. म्हणून पार शेंड्यापासून शेगडीपर्यंत स्टेनलेस स्टीलची लवचीक नळी सोडायची, आणि तिच्याभोवती सिरॅमिक लोकरीचं पांघरूण गुंडाळायचं. धूर शेवटपर्यंत गरम राहिला की तो झपाट्याने वर चढतो, आणि तो चढतो म्हणून खालून आगीला हवा मिळते. शेगडीच्या आत ओढ निर्माण करणारं दुसरं काही नसतं.

काम सुरू करण्याआधी गावाच्या बांधकाम खात्याकडून परवाना घ्यावा लागला आणि घराच्या विमा कंपनीला कळवावं लागलं. मग एका कोरड्या सकाळी एक जण छपरावर, एक जण पोकळीत, अशी नळी उतरवली गेली. वर बसकी पट्टी, तिच्यावर पाऊस आणि खारी अडवणारी टोपी. खाली जुन्या झडपेच्या जागी पत्रा कापून बसवला आणि त्यावर दगडी लोकर दाबून भरली. हा पत्रा दिसत नाही, म्हणून पैसे वाचवायला पुष्कळजण तो गाळतात. मग शेगडीच्या डोक्यावरची उष्णता विटांच्या पोकळीत वर जाऊन बसते. आमचं धुराडं घराच्या बाहेरच्या भिंतीला आहे, त्यामुळे ती उष्णता सरळ जानेवारीच्या हवेला मिळाली असती. शेवटी दोनशे किलोच्या आसपासची ती शेगडी फळ्यांवरून सरकवत आत घातली. जोड स्क्रूने आवळला. कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारं यंत्र भिंतीवर लागलं. निरीक्षक येऊन पुढच्या दगडी ओट्याची रुंदी आणि वरच्या लाकडी फळीचं अंतर मोजून सही करून गेले.

यंत्रणा नीट चालू झाली आणि आमच्या स्वयंपाकघराने तिची एक बाजू उघड केली. मराठी घरात फोडणी होते, म्हणून आम्ही ओट्यावर दणकट एक्झॉस्ट बसवलेला. हिवाळ्यात घर सगळीकडून बंद. एक्झॉस्ट घरातली हवा बाहेर फेकतो, मग घर जिथून मिळेल तिथून हवा आत ओढायला बघतं आणि त्यातली एक वाट धुराड्याची. मोहरी तडतडत असताना कोणी लाकूड घालायला शेगडीचं दार उघडलं, की धूर वर जायचं सोडून बैठकीत येतो. धुराचा अलार्म बोंबलतो, मुलगी कानांवर हात ठेवते, खमंग वासात लाकडाचा वास मिसळतो. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: फोडणी चालू असताना शेगडीचं दार उघडायचं नाही. उघडायचंच असेल तर आधी स्वयंपाकघराची खिडकी दोन बोटं सरकवायची.

एवढं सगळं होईपर्यंत मला वाटत होतं की कामाचा मोठा भाग संपला. खरं काम लाकडाचं निघालं.

इथे लाकूड कॉर्डने विकतात. चार फूट उंच, चार फूट रुंद, आठ फूट लांब अशी रचलेली रास म्हणजे एक कॉर्ड, १२८ घनफूट. मी हिशेब मांडला. वाळलेल्या रेड ओकच्या एका कॉर्डमध्ये साधारण अडीच कोटी बीटीयूच्या आतबाहेर उष्णता असते. शेगडीची आणि बॉयलरची कार्यक्षमता धरून बघितलं तर एक कॉर्ड म्हणजे दीडशेएक गॅलन तेल. आम्हाला हिवाळ्यात तीनेक कॉर्ड लाकूड लागतं. कागदावर हा व्यवहार फार गोड दिसतो. पण त्यातला ‘वाळलेल्या’ हा शब्द सगळा भार पेलतो.

पहिला ट्रक ‘जाळायला तयार’ म्हणून आला. ओलावा मोजायचं मीटर असतं, त्याच्या दोन सुया लाकडात टोचायच्या. त्याही बाहेरून नाही. ओंडका मधोमध फोडून ताज्या चिरेवर, कारण वरची साल आठवड्याभराच्या उन्हातही कोरडी वाटते. शेगडीला वीस टक्क्यांच्या आत ओलावा हवा. मीटरने तिशीच्या पुढचा आकडा दाखवला. ती सगळी रास आम्ही अंगणात रचून ठेवली आणि तो हिवाळा भुशाच्या दाबून केलेल्या विटांवर काढला. त्या दुकानात गठ्ठ्याने मिळतात, कोरड्या ठणठणीत असतात आणि खिशाला लागतात.

ओल्या लाकडाचं गणित निर्दय आहे. त्यातलं एक किलो पाणी तापवून वाफ करायला सुमारे २.६ मेगाज्यूल खर्च होतात. पण खरा तोटा तो नव्हे. लाकडातली निम्म्याहून अधिक ऊर्जा त्यातून सुटणाऱ्या वायूंमध्ये असते. शेगडीच्या छताखाली नळ्या असतात, त्यांच्या भोकांतून तापलेली हवा येते आणि आतलं तापमान सहाशे अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की हे वायू तिथे पेट घेतात. ओलं लाकूड शेगडीला तिथवर पोचूच देत नाही. मग तेच वायू धूर होऊन वर जातात. धूर म्हणजे पैसे मोजून आणलेलं आणि न जळलेलं लाकूड.

ओक पुरता वाळायला दोन उन्हाळे मागतो. अॅश त्या मानाने समजूतदार, मुळातच पाणी कमी. न्यू इंग्लंडमध्ये सध्या अॅशचं लाकूड मुबलक मिळतं आणि त्यामागचं कारण वाईट आहे. एमराल्ड अॅश बोरर नावाचा आशियातून आलेला हिरवा भुंगा २००२मध्ये मिशिगनमध्ये सापडला, २०१२मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या डाल्टन गावात पोचला, आणि तेव्हापासून इथली अॅशची झाडं उभ्याउभी मरतायत. आमच्या भागाने तर त्याआधीच दुसरा भुंगा पाहिला होता. २००८च्या ऑगस्टमध्ये वूस्टरमध्ये लांब मिशांचा आशियाई भुंगा आढळला. तो मेपलसकट अनेक झाडं पोखरतो. त्याच्या पायी इथली तीस हजारांहून जास्त झाडं तोडावी लागली. वूस्टर, श्रूजबरी आणि आजूबाजूचा परिसर नियंत्रित क्षेत्र ठरला, आणि या क्षेत्रातलं हार्डवुडचं सरपण बाहेर न्यायला बंदी आली. न्यू हॅम्पशरला कँपिंगला जाताना अंगणातली चार लाकडं डिकीत टाकावी, एवढंही करता येत नाही. जिथलं लाकूड तिथेच जाळायचं, हा इथे कायदा आहे.

आई रत्नागिरीहून आली ती मे महिन्यात. अंगणात राशी बघून तिला आधी कौतुक वाटेल असं मला वाटलं होतं. ती पायरीवर बसली आणि म्हणाली, “अगं, जळणासाठी रानात जायला लागू नये म्हणून तुला शिकवलं. आणि तू डॉलर मोजून लाकडं आणतेस?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते मी तेलाच्या बिलात शोधून बघितलं, पण तिने विचारलेलं तेवढ्यापुरतं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मात्र तीच हातमोजे मागायला आली. रास तिला पसंत नव्हती. टोकांना आडवी-उभी लाकडं घालून खांब कर, म्हणजे मधली घसरणार नाहीत. जमिनीला टेकवू नकोस, खाली काहीतरी घाल. दोन ओळींच्या मधून वारा जाऊ दे. वरून झाक, पण बाजू उघड्या ठेव. कोकणात वैशाख संपायच्या आत सरपणाची बेगमी व्हायला लागते. ऐन, किंजळ फोडून पडवीत नाहीतर खोपीत रचायचं, पेटवणाला चुडतं आणि सोडणं वेगळी ठेवायची. एकदा पाऊस लागला की चुकलेलं सुधारायला आश्विन उजाडतो. इथे पावसाच्या जागी बर्फ आहे, एवढाच फरक. ती दोन लाकडं एकमेकांवर आपटून बघे. टणत्कार आला तर वाळलं, बद्द वाजलं तर ओलं. मी मागाहून फोडून मीटर टोचे. तिचा निवाडा बहुतेकदा बरोबर निघे.

ऑक्टोबरात थंडी पडली तेव्हा ती अजून इथेच होती, म्हणून तिला आग बघायला मिळाली. शेगडीत पेटवण वरून खाली जळत जातं. तळाशी जाड लाकडं, मग बारीक, अगदी वर ढलप्या, आणि काडी वरच्या टोकाला लावायची. आईला हे उफराटं वाटलं. पण वरून पेटवलं की नळी लगेच तापते आणि सुरुवातीचा धूर ज्वाळेतूनच जातो. हवेची दांडी पूर्ण उघडी ठेवायची, लाकडाने धड पेट घेतला की टप्प्याटप्प्याने कमी करायची. हवा कमी केल्यावर आग विझायला हवी असं वाटतं. होतं उलटं. ज्वाळा लाकडापासून सुटतात आणि छताखालच्या नळ्यांपाशी नुसत्याच हवेत हेलकावे घेत जळतात. तीच वायूंची आग. आई काचेसमोर बसून ते बघत राहिली, मग शाल गुंडाळून बाहेर गेली आणि धुराड्याकडे बघून आली. “धूरच नाही गं,” ती म्हणाली. टोपीवरची हवा तेवढी थरथरत होती.

तिच्या सासरी स्वयंपाकघरात चुलीला वैल होता, त्यावर भात मुरायचा, पण धुराला वाट नव्हती. कौलांखाली सगळं काळं. माझी आजी मला आठवते ती डोळे पुसत फुंकणी फुंकणारी. गॅस आल्यावर चूल न्हाणीघरात गेली, ती अजून तिथे आहे. देशात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३मध्ये सुरू झाला, पुण्यात आरती संस्थेने त्या चुलींवर बरंच काम केलं. हवा कुठून येते, वायू कुठे जळतात, धूर कुठून जातो, हे प्रश्न तिथेही हेच होते. फरक एवढाच की माझ्याकडे पर्याय आहे. कंटाळा आला, ताप आला, लाकूड संपलं, तर मी भिंतीवरचा थर्मोस्टॅट वर करते. आजीला तसं काही वर करता येत नव्हतं. लाकडाच्या आगीबद्दल इथली मासिकं गोड गोड लिहितात, तेव्हा मला हे आठवतं आणि मी ते पान उलटते.

धुराचा हिशेब शेजाऱ्यांशीही असतो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने मे २०२०पासून नव्या शेगड्यांना ताशी दोन ग्रॅम कणांची मर्यादा घातली, नेहमीच्या फोडलेल्या सरपणावर चाचणी केली तर अडीच ग्रॅम. आमची शेगडी त्यात बसते, पण ती चाचणी कोरड्या लाकडाची आणि मनापासून लक्ष देणाऱ्या माणसाची आहे. रात्रभर टिकावी म्हणून कोणी हवा पार कोंडली आणि आग धुमसत ठेवली, तर प्रमाणपत्र भिंतीवर राहतं आणि धूर गल्लीत उतरतो. मी रात्री ओकची जाड लाकडं घालते, ती नीट पेटल्यावरच हवा कमी करते. सकाळी राखेत निखारे सापडतात. ते पुढे ओढून त्यावर चार ढलप्या टाकल्या की पुन्हा जाळ. आईकडेही निजताना विस्तव राखेखाली झाकून ठेवत. तिला त्यात नवीन काहीच दिसलं नाही.

राख मात्र तिने वाया जाऊ दिली नाही. देवाची भांडी तिने चिंच आणि राखेने अशी लखलखवली की मुलीने फोटो काढले. उरलेली राख झाकणाच्या लोखंडी बादलीत, घरापासून लांब, सिमेंटवर ठेवायची. आतला निखारा कित्येक दिवस जिवंत असतो आणि कागदी पिशवीतल्या राखेने इथे घरं जळलेली आहेत. राख अल्कधर्मी असते, आणि आमची माती आम्लधर्मी, म्हणून थोडी भाज्यांच्या वाफ्यात जाते. अमेरिकेने १७९०मध्ये दिलेलं पहिलं पेटंट राखेपासून पोटॅश करायच्या पद्धतीचं होतं, सॅम्युएल हॉपकिन्सच्या नावे. एकेकाळी जंगलं तोडून शेतं करणाऱ्यांना पहिलं रोख उत्पन्न या राखेनेच दिलं.

दर वर्षी हंगामाआधी ते धुराडेवाले गृहस्थ ब्रश घेऊन येतात. खाली पडलेली काजळी हातावर घेऊन दाखवतात. तपकिरी, कोरडी भुकटी असली तर मान डोलावतात. काळं, चकचकीत काही निघालं तर लाकूड ओलं होतं किंवा हवा कोंडली होती. वर्षभर मी कशी वागले ते त्यांना चिमूटभर काजळीत दिसतं. शेजारचे आजोबा २००८च्या डिसेंबरातल्या बर्फवादळाची गोष्ट सांगतात. फांद्यांवर बर्फाचं कवच चढून तारा तुटल्या, न्यू इंग्लंडमधली लाखो घरं अंधारात गेली, काही घरांत वीज यायला आठवडा-दोन आठवडे लागले. तेलाचा बॉयलर विजेशिवाय चालत नाही. शेगडी चालते. पंखा बंद पडतो, उष्णता थोडी आळसावते, पण काचेसमोरची खोली राहण्याजोगी असते. आमच्याकडे वीज गेली तेव्हा मी त्याच शेगडीवर चहाचं आधण ठेवलं होतं, आणि ते उकळायला लागलेल्या वेळात घरातले सगळे त्या एका खोलीत जमा झाले.

इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत आता लोक विचारतात, कुठला इन्सर्ट घ्यावा? मी त्यांना आधी विचारते, लाकूड ठेवायला वारा लागेल अशी जागा आहे का? ती असेल तर याच महिन्यात लाकूड आणून रचा. मग धुराड्यात कॅमेरा सोडून घ्या आणि जे निघेल ते दुरुस्त करा. ओक रचलात तर तो पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात जळेल. मॉडेल निवडायला तोवर भरपूर वेळ मिळतो.